बिनतारी निरोपाचे गुपित कोणी राखायचे?

घाटाचे वळण ओलांडले की भ्रमणध्वनी मुका होतो, हा अनुभव पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांना नवा नाही. डोंगराआड विखुरलेल्या पाड्यांवरून तातडीचा निरोप बाहेर पोहोचवायचा, तर कधी माणूस धाडावा लागतो, कधी नेटवर्क मिळेल अशा टेकाडावर चढावे लागते. अतिवृष्टीत वीज आणि मनोरे एकदमच बंद पडले, तर शेवटचा आधार उरतो तो शासकीय बिनतारी संचाचा. हा संच निरोप पोहोचवतो खरा. पण ज्याला सांगायचा त्यालाच तो सांगतो असे नाही. त्या लहरीवर संच लावून बसलेल्या प्रत्येकाला तो ऐकू जातो. निरोप एखाद्या बाईच्या बाळंतपणाचा, मुलाच्या दुखण्याचा किंवा घरातील मृत्यूचा असेल, तर त्यातील गुपित राखण्याची जबाबदारी कोणाची? कायद्याने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. ज्याच्या हातातून निरोप जातो त्याची, आणि ज्याच्या कानावर तो चुकून पडतो त्याचीही.

डोंगर, पाडे आणि निरोपाची साखळी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे मुख्यालय किनारपट्टीजवळ गेले. जव्हार आणि मोखाडा मात्र सह्याद्रीच्या उतारावर, नाशिकच्या बाजूला राहिले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाची ही वस्ती सलग गावांपेक्षा लहान-लहान पाड्यांत वसली आहे. गंभीर रुग्णाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून वा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे अनेकदा नाशिकला हलवावे लागते. अशा वेळी रुग्णाबरोबर त्याच्याविषयीची माहितीही जिल्ह्याची हद्द ओलांडते.

निरोप वेळेवर पोहोचणे म्हणजे येथे काय, हे सांगण्यास एक घटना पुरेशी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर घरीच प्रसूती झालेल्या महिलेची जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला झोळीत घालून काही किलोमीटर चिखलवाटेने न्यावे लागले. ही बातमी देशभर गेली आणि रस्त्याचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्याच वेळी एका कुटुंबाचे अत्यंत खासगी दुःखही सर्वांसमोर उघडे झाले. १९९२ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंपासून या भागातील आजारपण आणि मृत्यू वारंवार सार्वजनिक चर्चेचा विषय झाले आहेत. त्या चर्चेची गरज कोणी नाकारणार नाही. पण आपल्या घरातले काय बाहेर जावे आणि काय जाऊ नये, हे ठरविण्याचा हक्क शहरातील रुग्णाला असतो तसाच पाड्यावरील रुग्णालाही असतो.

भ्रमणध्वनीवरून बोलताना हा हक्क काही प्रमाणात यंत्रच सांभाळते. दोन माणसांतील बोलणे तिसऱ्याला सहज ऐकू येत नाही. साध्या बिनतारी संचावर असे संरक्षण नसते. अतिउच्च कंप्रतेच्या (व्हीएचएफ) लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की त्या अडतात. म्हणून उंच ठिकाणी पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, बसवतात. तो आलेला आवाज पुन्हा मोठ्या शक्तीने चहूकडे फेकतो. परिणामी दरीतील संच शहरापर्यंत पोहोचतो, आणि त्याच वेळी निरोप ऐकू शकणाऱ्यांचे वर्तुळही कितीतरी विस्तारते. डोंगराळ भागात संदेशवहनाची जी सोय आहे, तीच गोपनीयतेची अडचण आहे.

तारेपासून बिनतारीपर्यंत

निरोप्याने निरोप फोडू नये, हा दंडक बिनतारी यंत्राहून जुना आहे. १८६५ साली पॅरिस येथे वीस युरोपीय राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तार करार केला. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा पाया तोच. पत्रव्यवहाराचे गुपित राखण्याची हमी सदस्य राष्ट्रांनी त्या करारातच दिली होती.

भारतात १८८५ च्या तार कायद्याने हे बंधन फौजदारी स्वरूपाचे केले. कलम २६ अन्वये तार कर्मचाऱ्याने संदेश दडवणे, त्यात फेरफार करणे, तो बेकायदा अडवणे किंवा त्यातील मजकूर अनधिकृत व्यक्तीला सांगणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. दुसऱ्याची तार चुकून हाती आली आणि ती मुद्दाम ठेवून घेतली, तर कलम ३० खाली दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. ‘तार आली’ म्हटले की काळजात धस्स होण्याचा तो काळ. तारमास्तर घरोघरची सुखदुःखे सर्वांआधी वाचत असे आणि ती पोटात ठेवत असे. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली, तरी तारमास्तराचे ते कर्तव्य संपले नाही. ते संच हाताळणाऱ्याकडे आले.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगण्यास मनाई केली. या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत केला. त्यातील अनेक कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. त्यांपैकी कलम ४२ नुसार संदेश बेकायदा अडवून मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला आहे. मात्र त्यासाठी लेखी आदेश आणि ठरलेली कार्यपद्धती लागते.

या तरतुदींना घटनेचेही पाठबळ आहे. दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी आयुष्याचा भाग असून अनुच्छेद २१ चे संरक्षण त्याला लाभते, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी ‘पीयूसीएल’ खटल्यात सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. मोखाड्याच्या पाड्यावरून निघालेला निरोप उघड्या लहरीवरून गेला, एवढ्याने तो हक्क विरून जात नाही.

सोपवलेला निरोप आणि कानावर पडलेला निरोप

गोपनीयतेचे बंधन दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार विश्वासाने सोपवलेल्या निरोपाचा. पोलीस, वन, महसूल आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांचे संच मुळात शासकीय कामासाठी असतात. खासगी निरोप त्यांवरून जातो तो संकटात, दुसरा मार्ग नसताना. तो स्वीकारणारा कर्मचारी शासकीय सेवेत असल्याने सेवेत असताना मिळालेली माहिती अनधिकृतपणे उघड न करण्याचे सेवानियमांचे बंधन त्याच्यावर असतेच. मतदानाच्या काळात नेटवर्क नसलेल्या केंद्रांची स्वतंत्र यादी करून तेथे बिनतारी संच, उपग्रह दूरध्वनी किंवा निरोप्या यांची योजना निवडणूक यंत्रणा करते. अशा वेळी संचाशेजारी पोलिसांबरोबर शिक्षक, तलाठी, कोतवाल असे अनेक जण बसलेले असतात. संच हाताळणारा बांधील आहे, पण शेजारी बसून ऐकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

दुसरा प्रकार कानावर पडलेल्या निरोपाचा. जो निरोप आपल्यासाठी नाही, तो ऐकू आला तर काय करायचे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विनियमांतील अनुच्छेद १७ यावर स्पष्ट आहे. सर्वसामान्य जनतेसाठी नसलेले रेडिओ संदेश विनापरवाना अडविण्यास आणि अशा रीतीने कळलेला मजकूर उघड करण्यास प्रतिबंध करण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर आहे. एवढेच नव्हे, तर असा संदेश होता हे सांगणे किंवा त्या माहितीचा कोणताही उपयोग करणे हेही त्या प्रतिबंधात येते.

भारतातील हौशी रेडिओ सेवेसाठी १९७८ साली केलेल्या नियमांनी हीच भूमिका आणखी नेमकेपणाने मांडली. स्वतःसाठी नसलेला संदेश परवानाधारकाला मिळालाच, तर त्यातील मजकूर, तो कोठून आला, कोणासाठी होता, किंबहुना असा संदेश मिळाला ही गोष्टदेखील त्याने कोणाला कळू द्यायची नाही. तो लिहून घ्यायचा नाही, त्याची नक्कल करायची नाही आणि त्याचा उपयोगही करायचा नाही. अपवाद दोनच: केंद्र सरकारचा अधिकृत अधिकारी आणि सक्षम न्यायालय. हा नियम झाला तेव्हा ध्वनिफीत काढून क्षणात शेकडो लोकांना पाठविण्याची सोय नव्हती. तरीही त्यातील ‘नक्कल’ हा शब्द आजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांनाही चपखल बसतो. आपत्तीच्या वेळचे बिनतारी संभाषण ध्वनिमुद्रित करून गटावर टाकणारा हा हेतूने कितीही चांगला असला, तरी बंधन मोडतोच.

हौशी रेडिओचालक आणि जिल्हाधिकाऱ्यांची मुद्रा

आपत्तीत संदेशवहनाची बाजू सांभाळणाऱ्या हौशी रेडिओचालकांना ‘हॅम’ म्हणतात. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीयाला परीक्षा देऊन हा परवाना मिळू शकतो. परीक्षेत रेडिओविज्ञानाबरोबर नियमांचेही प्रश्न असतात. गोपनीयतेचा नियम माहीत नव्हता, अशी सबब हॅमला म्हणूनच देता येत नाही.

हॅम रेडिओ मूलतः प्रयोग, स्वशिक्षण आणि परस्परांशी संवाद यांसाठी आहे. इतरांचे निरोप वाहून नेण्याची मुभा १९७८ च्या नियमांनी अगदी मोजकी ठेवली. भूकंप, महापूर, वादळ, मोठ्या आगी अशा नैसर्गिक आपत्तीसंबंधीचे आणि जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम मुलकी अधिकाऱ्याने पाठविलेले वा त्याला उद्देशून असलेले संदेश त्या मुभेत बसतात. आंतरराष्ट्रीय विनियमांनीही त्रयस्थांसाठीचे परदेशी संदेश केवळ आणीबाणी वा आपत्तीनिवारणापुरते मान्य केले आहेत. अर्थात, नेटवर्क नाही म्हणून एखाद्या हॅमने दररोज पाड्यावरचे घरगुती निरोप शहरात पोहोचवावेत, हे नियमाला धरून होणार नाही. दरड कोसळून संपर्क तुटला आणि जिल्हा प्रशासनाने मदत मागितली, तर तोच हॅम संदेशवाहक होतो. प्रशासनाच्या मागणीमुळे त्याच्या कामाला अधिकृतता येते; निरोप कोणाचा, कोणाकडे आणि कोणाच्या जबाबदारीवर गेला, याचा माग त्यामुळेच राहतो.

अशा कामाचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे होते. अनेक वर्षांनंतर या बेटांवरून हौशी रेडिओला परवानगी मिळाली होती आणि जगभरातील हॅमशी संपर्क साधण्याचा त्यांचा उपक्रम सुरू होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. पथकाने उपक्रम थांबवून आपली केंद्रे मदतकार्याकडे वळविली. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता लागत नाही, अशा निरोपांची ये-जा त्यानंतर बेटे आणि मुख्य भूमी यांच्यात होऊ लागली. ‘पत्ता लागत नाही’ हे शब्द कुटुंबाच्या आधी शेजाऱ्याने ऐकले तर काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. निरोप अचूक पोहोचवणे आणि तो योग्य माणसालाच पोहोचवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

सांकेतिक भाषेला मनाई

येथे एक पेच निर्माण होतो. गुपित राखायचे, तर निरोप सांकेतिक भाषेत पाठवावा असे कोणालाही सुचेल. पण निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संदेश अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक करू नयेत, असे रेडिओ विनियमांचा अनुच्छेद २५ सांगतो आणि हौशी रेडिओवर उघड भाषेतच बोलण्याची शिस्त आहे. लहरी सर्वांच्या मालकीच्या आहेत, त्यांवर काय चालले आहे हे तपासता आले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. पोलीस वा लष्कर यांच्या यंत्रणांना कूटबद्ध डिजिटल संच वापरता येतात. हॅमला तसे करता येत नाही.

म्हणजे कायदा एकीकडे गुपित राखा म्हणतो आणि दुसरीकडे कुलूप लावू नका म्हणतो. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन आज्ञांचा मेळ एकाच ठिकाणी बसतो, तो म्हणजे माणसाच्या संयमात. काय बोलायचे, किती बोलायचे आणि ऐकल्यावर काय विसरायचे, हेच येथे कुलूप.

नाव वगळले तरी ओळख उरते

शहरात रुग्णाचे नाव गाळले की ओळख बहुधा झाकली जाते. वीस-पंचवीस घरांच्या पाड्यावर तसे होत नाही. समजा, संचावरून असा निरोप गेला : ‘अमुक पाड्यावरील १९ वर्षांची, आठव्या महिन्याची गर्भवती, पहिले मूल गेलेले, रक्तस्राव सुरू आहे.’ यात नाव कोठेही नाही. पण त्या पाड्यावरील कोणालाही ती कोण, हे विचारावे लागणार नाही. ‘पहिले मूल गेलेले’ हे तीन शब्द तर रुग्णवाहिकेच्या चालकाला निरुपयोगी आहेत.

त्याच निरोपाची दुसरी मांडणी अशी होऊ शकते : ‘अमुक फाट्यावर रुग्णवाहिका हवी. प्रसूतीची तातडी, रक्तस्राव. रुग्ण झोळीतून फाट्याकडे निघाला आहे. रुग्णालयाने रक्ताची तयारी ठेवावी.’ जीव वाचविण्यास आवश्यक ते सारे यात आहे. पाड्याऐवजी गाडी जेथे यायची तो फाटा सांगितला आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास डॉक्टरला हवाच असतो, पण तो सोबतच्या आशा कार्यकर्तीने चिठ्ठीवर लिहून दिला किंवा नेटवर्कच्या टप्प्यात आल्यावर थेट डॉक्टरला सांगितला तरी चालतो. संचावर नावाची अक्षरे एकेक करून, ‘अल्फा’, ‘ब्रॅव्हो’ अशा उच्चारांनी सांगण्याची पद्धत चूक टाळण्यासाठी उत्तम आहे. मात्र तीच पद्धत नाव साऱ्या परिसराला स्पष्ट ऐकवते. म्हणून नाव खरोखर हवे आहे का, हे आधी ठरवावे लागते.

आरोग्याच्या काही माहितीला कायद्याने विशेष कवच दिले आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने रुग्णाची गुपिते उघड न करण्याचे बंधन घातले. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग हे त्याला अपवाद. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना उघड करण्यावर कडक निर्बंध घातले. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि बालकांसाठी ‘पॉक्सो’ कायद्याचे कलम २३ आहे. अशा प्रकरणांतील तपशील उघड्या लहरीवर उच्चारणे म्हणजे या साऱ्या संरक्षणाला भगदाड पाडणे होय.

परवान्याविना मिळणारे संच

ट्रेकिंगच्या गटांत आणि विवाहसोहळ्यांत दिसणाऱ्या छोट्या वॉकीटॉकी संचांचा प्रश्न वेगळा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. या पट्ट्याबाहेर चालणारे संच ऑनलाइन बाजारात सर्रास विकले जात असल्याचे आढळल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अनेक विक्री संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली. सूट मिळालेला संच घेण्यास परीक्षा नाही, नियमांची ओळख नाही. जव्हारच्या धबधब्यांवर येणारे पर्यटक किंवा मदतीला धावलेले स्वयंसेवक यांच्या हाती तो असतो. परवान्यातून सूट म्हणजे गोपनीयतेतून सूट नव्हे, हे सांगण्याची सर्वाधिक गरज याच वापरकर्त्यांना आहे.

गोपनीयता कोठे थांबते

गुपित राखण्याच्या नावाखाली मदत अडता कामा नये, हेही तितकेच खरे. संकटसूचक संदेशाला रेडिओच्या जगात सर्वोच्च अग्रक्रम असतो. तो ऐकणाऱ्याने आपले बोलणे थांबवून मार्ग मोकळा करावा आणि उत्तर देणारे दुसरे कोणी नसेल, तर स्वतः मदतीची हालचाल करावी, अशी अपेक्षा असते. जीव वाचविण्यासाठी पोलिसांना, डॉक्टरला वा आपत्ती कक्षाला कळविणे हा गोपनीयतेचा भंग नव्हे. भंग होतो तो त्यानंतर, चहाच्या टपरीवर ‘आज कोणाला झोळीतून नेले, माहीत आहे का’ अशी सुरुवात होते तेव्हा.

थोडक्यात पाळावयाची पथ्ये अशी :

– संच सुरू असताना ध्वनिवर्धक लहान ठेवावा किंवा कर्णयंत्र वापरावे. ठाण्यात वा केंद्रात आलेल्या इतरांना निरोप ऐकू जाऊ देऊ नये.

– निरोप आधी लिहावा, अनावश्यक तपशील खोडावा, मगच बोलावे.

– निरोप देणाऱ्याला स्पष्ट सांगावे की ही लहर उघडी आहे. काय सांगायचे हे मग त्याला ठरवू द्यावे.

– मृत्यूची वार्ता नातेवाईकाला प्रत्यक्ष कळेपर्यंत नाव संचावर घेऊ नये.

– निरोप लिहिलेला कागद टेबलावर पडू देऊ नये. नोंदवहीत वेळ आणि पाठवणारा-घेणारा यांची नोंद असावी, ती बंद कपाटात राहावी.

– संभाषणाचे ध्वनिमुद्रण वा छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये.

यातील एकाही गोष्टीला खर्च येत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संपर्कापासून वंचित गावांना ‘फोर जी’ सेवा देण्याच्या योजनेला मंजुरी दिली आणि अशा योजनांमुळे डोंगराळ भागात मनोरे वाढत आहेत. तरीही मुसळधार पावसाच्या रात्री बिनतारी संचाची गरज पडणारच. त्या रात्री संचासमोर बसलेल्या माणसावर पाड्यावरील कुटुंब दोन गोष्टींचा भरवसा टाकते. निरोप पोहोचेल हा पहिला भरवसा. आणि सकाळी तो बाजारात ऐकू येणार नाही, हा दुसरा.